चुन्याच्या अप्सरा

मंडळी, पडद्यावर दिसतोय तो फाँतेनब्लोच्या राजवाड्यातला एक जिना. पॅरिसहून साधारण 60 किलोमीटरवर. जिना बराच नंतरचा आहे, त्याच्याशी आज आपल्याला काम नाही. नजर वर न्या. चित्रांच्या दोन्ही बाजूंना उंच, सडपातळ स्त्रिया उभ्या आहेत. पाय लांबच लांब, माना लांब, डोकी मात्र एवढीशी. माणसांच्या इतक्या वर त्या काय करताहेत? तर हे मुळात एताँपच्या डचेसचं, म्हणजे फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याच्या प्रेयसीचं दालन. पंधराव्या लुईच्या काळात, 1748-49 साली, इथली जमीन काढून जिना घातला. पायाखालची जमीन गेली, बायका भिंतीवर तशाच राहिल्या.

त्या घडवल्या फ्रान्चेस्को प्रिमातिच्चोने, 1541 ते 1544 या काळात. हा इटलीतल्या बोलोन्याचा, जन्म 1504 चा.

आणि त्या दगडाच्या नाहीत. स्टुको. आपल्याला हे काम परकं नाही. पेशवाईतल्या देवळांच्या शिखरांवर कोनाड्याकोनाड्यांत ज्या चुनेगच्चीच्या मूर्ती बसलेल्या असतात, त्याच जातीचं. प्राचीन रोमनांची ही कला थोर चित्रकार राफाएलच्या हाताखालच्या जोव्हान्नी दा उदिने याने पुन्हा जुळवून आणली: ट्रॅव्हर्टिन दगडाचा चुना आणि पांढऱ्या संगमरवराची पूड. थरावर थर द्यायचे आणि ओल आहे तोवर हात चालवायचा.

प्रिमातिच्चो हे शिकला इटलीतल्याच मांतुआ शहरात, चित्रकार आणि वास्तुकार जुलिओ रोमानोच्या हाताखाली. तिथला पालात्झो ते हा वाडा मला फार आवडतो, कारण तो चक्क थापा मारतो. मांतुआच्या आसपास दगडाच्या खाणी नाहीत. मग विटांची भिंत उभारली, वर गिलावा केला आणि त्यातच ओबडधोबड दगड कोरून काढले. पाहुण्याला वाटावं, काय भक्कम पाषाण! आत एका दालनात भिंतीभर दोन पट्ट्यांत रोमन सैन्य चाललंय, तेही चुन्यात. त्यात प्रिमातिच्चोचा हात मानला जातो.

फ्रान्स्वाला इटलीचं सगळंच हवं होतं. चित्र आणि गिलावा दोन्ही जाणणारा तरुण त्याने मांतुआच्या ड्यूककडे मागितला, आणि 1532 मध्ये प्रिमातिच्चो फाँतेनब्लोला आला. फ्लोरेन्सचा चित्रकार रोस्सो तिथे आधीच होता. राजाच्या नावाची प्रसिद्ध गॅलरी त्याची. त्या दोघांच्या कामातून एक नवीच गोष्ट उभी राहिली: चित्राची चौकट चित्राइतकीच बोलकी. फळं, मुलं, कातड्यासारख्या वळलेल्या पट्ट्या, सगळं भिंतीतून बाहेर येणारं. छापील चित्रांतून ही नक्षी युरोपभर गेली.

1540 मध्ये राजाने प्रिमातिच्चोला रोमला धाडलं, प्राचीन मूर्ती आणायला. त्या काळच्या कलावंतांची चरित्रं लिहिणारा वासारी सांगतो, डोकी, धडं, पुतळे मिळून 125 नग त्याने खरेदी केले. जे विकत मिळणं शक्यच नव्हतं, त्या लाओकोऊन, बेल्व्हेडेरचा अपोलो अशा मूर्तींचे त्याने साचे घेतले आणि फाँतेनब्लोत ब्राँझमध्ये ओतवले. म्हणजे पुन्हा थापेबाजीच, पण किती शहाणी!

फाँतेनब्लोच्या एका कारंज्याच्या कामावरून त्याची चेल्लिनीशी जुंपली. चेल्लिनी मोठा सोनार, मोठा शिल्पकार आणि तितकाच मोठा भांडकुदळ. माझ्या कामात नाक खुपसलंस तर कुत्र्यासारखा मारीन, अशी धमकी दिल्याचं तो स्वतःच आत्मकथनात अभिमानाने लिहितो. डचेस प्रिमातिच्चोच्या बाजूची होती. बाजू एकाचीच ऐकायला मिळते, तेव्हा चेल्लिनीचं किती मनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवा.

तिच्या दालनात चित्रं अलेक्झांडरची आहेत. त्यातल्या एकात चित्रकार अपेलीस अलेक्झांडर आणि त्याची प्रेयसी काम्पास्पे यांना रंगवतोय. कथा अशी की पुढे राजाने ती प्रेयसी चित्रकारालाच देऊन टाकली. राजाच्या प्रेयसीच्या खोलीत हा विषय! डचेसला काय वाटलं असेल, देव जाणे. या चित्रांवर 19व्या शतकात इतका हात फिरलाय की मूळ रंग शोधावा लागतो. चुन्याच्या बाया मात्र बऱ्याच अंशी प्रिमातिच्चोच्याच.

1559 मध्ये फ्रान्स्वाचा मुलगा, राजा दुसरा हेन्री वारला, वास्तुकार फिलिबेर द लोर्मला बाजूला केलं गेलं आणि राजाच्या बांधकामांची देखरेख प्रिमातिच्चोकडे आली. रेखाटन त्याचं, हात दुसऱ्यांचे, अशी त्याची पद्धत आधीपासूनच होती. पॅरिसजवळच्या सेंट-देनीला, फ्रान्सच्या राजांच्या दफनाच्या चर्चजवळ, हेन्री आणि राणी कातरीन यांच्या थडग्याचा आराखडा त्याचा, मूर्तिकाम मुख्यतः जेर्मां पिलोंचं. भोवतालची गोल छत्री 1719 मध्ये पाडली. थडगं चर्चमध्ये हलवलं म्हणून वाचलं. प्रिमातिच्चो स्वतः 1570 मध्ये पॅरिसमध्ये वारला.

आता शेवटची स्लाईड. त्याचं सर्वांत मोठं काम होतं फाँतेनब्लोतलीच, ग्रीक कथेतला वीर युलिसिस याची गॅलरी. लांबी सुमारे 150 मीटर, भिंतींवर 58 प्रसंग, रंगवले निकोलो देल्लाबाते आणि इतरांनी. 1738-39 मध्ये ती पाडली. हे चित्र तिओडोर व्हान थुल्डनने 1633 मध्ये उतरवून छापलेलं. युलिसिस घरी परतलाय आणि पेनेलोपीशी पलंगावर बोलत बसलाय. भिंतींवरचे सगळे 58 प्रसंग थुल्डनने उतरवून घेतले. छताकडे मात्र तो वळला नाही, आणि चुन्याचं काम तिथे होतं.