फरशी रंगली, पुढं काय?

श्रोतेहो, नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळांत कल्पकतेला वाव कसा मिळेल, यावर आज मला बोलायचंय. विषय ऐकून एक सहकारी म्हणाले, "म्हणजे आणखी एक ऑनलाइन माहिती भरायची का?" त्यांचंही चूक नाही.

आमची यंत्रणा अवाढव्य. वस्तीवरची दोनशिक्षकी शाळा, तिच्यावर केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट, मग अशा काही केंद्रांचं बीट, मग तालुका, जिल्हा. एखादी चांगली कल्पना एवढे टप्पे पार करून येईपर्यंत तिचा नुसता तक्ता उरलेला असतो.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचंच बघा ना. तिथल्या शाळांत मुलं जमिनीवर बसून काड्या, खडे मांडत दशक-एकक स्वतः शोधायची, एकमेकांना शिकवायची. राज्यभरातले शिक्षक ते बघायला यायचे. पुढं २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा राज्य सरकारचा कार्यक्रम आला आणि कुमठ्याचं बघून गावोगावच्या शाळांच्या फरश्या अंक-अक्षरांच्या तक्त्यांनी रंगल्या. बऱ्याच ठिकाणी काम तिथंच थांबलं. रंगवलेल्या फरशीचा फोटो ग्रुपवर टाकता येतो. पोरगं दहा मिनिटं चुकत बसलंय आणि बाई गप्प राहून बघतायत, याचा फोटो कसा टाकणार?

वर्णनात्मक नोंदींची तीच गत. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे नुसत्या परीक्षेवर न थांबता मुलाची प्रगती वर्षभर पाहायची पद्धत, २०१० साली आलं. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकानं स्वतः पाहिलेलं लिहावं, हा हेतू. झालं काय, तर तयार नोंदींची पुस्तकं निघाली, आता मोबाईलवर पीडीएफ फिरते. 'चित्रात सुबक रंग भरतो.' 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो.' वर कुणाचंही नाव घाला, चालून जातं!

माझ्या चौथीच्या वर्गात मी एकदा म्हटलं, आज उदाहरणं तुम्ही घाला, मी सोडवतो. एकाचे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल आहेत. त्यानं फळ्यावर लिहिलं, 'हळदीची चाळीस पोती उतरवली. हमाली किती?' मी म्हटलं, "अरे, एका पोत्याचा दर कुठं दिलायस?" तर म्हणतो, "गुरुजी, तो आधी भांडून ठरवायला लागतो." मग काय, अर्धा वर्ग व्यापारी, अर्धा हमाल. त्या तासाला गुणाकार झाला, भागाकार झाला, माल तोलायची मजुरी म्हणजे तोलाई, तेही निघालं. घटक नियोजनात, म्हणजे कुठला भाग कधी शिकवायचा त्या आराखड्यात, यातलं काहीच नव्हतं. ही नोंद कुठल्या पीडीएफमध्ये सापडायची?

अशा तासाला पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि 'अभ्यासक्रम मागे का?' हा प्रश्न साहेबांनी आठवडाभर पुढं ढकलावा लागतो. आमच्या केंद्रातल्या शिक्षकांची बैठक भरते, तिला शिक्षण परिषद म्हणतात; तिथं सूचना वाचून दाखवण्यातच दुपार जाते. त्यातला अर्धा तास शिक्षकांना द्या. वर्गात काय करून पाहिलं, काय फसलं, ते मुलांच्या वह्या समोर ठेवून बोलू द्या. फसलेलं सांगणाऱ्याला नोटीस येणार नाही, एवढी हमी मात्र आधी हवी. नाहीतर सगळ्यांचेच उपक्रम यशस्वी होतात, हे मी इतकी वर्षं ऐकत आलोय.

पालकांनो, तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला येता तेव्हा पहिला प्रश्न स्कॉलरशिपचा असतो. तो विचाराच. पण पोराची वही उघडून एवढंही विचारा, "यात फळ्यावरून न उतरवलेलं पान कुठलं?"

नमस्कार.