जाड केस की दाट केस?

फोंड्यात आमच्या घरी रविवारी सकाळी पडवीत तेल लावायचा कार्यक्रम असायचा. आई पायरीवर, आम्ही दोघी बहिणी आळीपाळीने तिच्या पुढ्यात, आणि एकाच वाटीतलं कोमट खोबरेल. धाकटीची वेणी मनगटाएवढी, कुठल्याही लग्नात गेलो की बायका ती हातात घेऊन म्हणायच्या, "किती जाड केस गो हिचे!" माझी वेणी दोन बोटांएवढी, म्हणून माझे केस पातळ. मोठ्या झाल्यावरही आम्ही त्याच समजुतीवर चाललो, तिला भरपूर तेल आणि जड क्रीम, मी मात्र तेलाला हातच लावायचा नाही. दोघींचे हाल झाले. तिचे केस दुपारपर्यंत टाळूला चिकटायचे आणि माझी टोकं केरसुणीसारखी राठ.

घोळ त्या "जाड" शब्दात आहे. डोक्यावर केस किती आहेत ती दाटी, आणि एकेक केस केवढा आहे ती त्याची जाडी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण दोन्हीला जाडच म्हणतो. डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात, कुणाला जास्त कुणाला कमी, पण काळजी कशी घ्यायची ते बरंचसं त्या एका केसावर ठरतं.

तो एक केस घरीच मोजता येतो. आता हे बघा, आमचंच स्वयंपाकघर. कणकेच्या डब्यावर लाल लेझर पॉइंटर ठेवलाय, त्याच्या तोंडावर धाकटीचा एक केस उभा चिकटवलाय, समोरची भिंत बरोबर 2 मीटरवर. लाईट बंद केली की भिंतीवर लाल ठिपक्यांची आडवी ओळ उमटते आणि मध्ये मध्ये काळ्या फटी. केस जितका बारीक तितक्या फटी लांब लांब. लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी 650 नॅनोमीटर असेल आणि भिंत 2 मीटरवर, तर एका बाजूच्या शेजारशेजारच्या दोन फटींमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि 1300 ला त्याने भागायचं, उत्तर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. (लेझर डोळ्यात जाऊ देऊ नका, मुलं असतील तर बाजूला बसवा.) धाकटीचं अंतर आलं 26, म्हणजे 50 मायक्रॉन. माझं आलं 14, म्हणजे जवळजवळ 93. वहीचा कागद साधारण 100 मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज येईल. म्हणजे जिला सगळं गाव जाड केसांची म्हणत होतं तिचा केस माझ्या निम्म्याच्या आसपास, फक्त केस भरपूर! 60 च्या खाली बारीक, 80 च्या वर जाड, मधले मध्यम, असा ढोबळ हिशेब धरतात. एकाच डोक्यावरही फरक असतो, कानशिलाजवळचे बारीक निघतात, म्हणून चार ठिकाणचे केस घेऊन मोजा.

याने काय फरक पडतो? जाडी दुप्पट झाली की केस तोडायला चौपट जोर लागतो आणि वाकवायला सोळापट. म्हणूनच बारीक केस टाळूवर सपाट बसतो, तेलाने लगेच चिकटतो, इस्त्री मशीनने लवकर जळतो. त्याला तेल द्यायचंच तर न्हाण्याआधी, थोडेसे थेंब, आणि कंडिशनर फक्त टोकांना. जाड केस ताठ असतो, वाळायला वेळ घेतो, त्याला तेल आणि कंडिशनर दोन्ही मोकळ्या हाताने चालतं. कुरळेपणा ही तिसरीच गोष्ट, तो केसाच्या मुळाच्या आकारातून येतो, बारीक कुरळे केसही असतात आणि त्यांना सगळ्यात जास्त जपावं लागतं.

खोबरेल मात्र आजी म्हणायची तसं खरंच वेगळं. मुंबईतल्या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना करून छापली, त्यात केसातलं प्रथिन धुऊन जाणं खोबरेलनेच कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्याच कंपनीचे होते, तेही सांगायला हवं.

आणि आपला गोव्याचा पाऊस. केस दमट हवेत लांब होतो, जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने 1783 साली यावरच केसाचं आर्द्रतामापक मांडलं होतं, तेव्हा जुलैत केस फुगले की तुमच्या शॅम्पूला दोष देऊ नका. ओला केस जास्त ताणला जातो आणि तुटतो, म्हणून न्हाऊन लगेच बारीक फणी नको, रुंद दातांचा कंगवा, टोकाकडून वर. दाट केसवाल्यांनी तर ओल्याचा अंबाडा घालून वर हेल्मेट चढवूच नये, आत तासन्‌तास ओलंच राहतं आणि कुबट वास येतो. पंख्याखाली बसा थोडा वेळ, बस चुकली तर चुकू दे.

आई हे सगळं दारात उभी राहून बघत होती. मग आत गेली आणि पितळी डब्यातून गंगावन घेऊन आली, तिच्या लग्नाच्या वेळचं, तिच्याच विंचरून जमवलेल्या केसांचं. म्हणाली, "यातला एक मोज, आणि आताचा एक." गंगावनातला 18 मिलिमीटर, म्हणजे 72 मायक्रॉन. आताचा 23, म्हणजे साडेछप्पन. इतकी वर्षं तिला वाटायचं केस गळून वेणी बारीक झाली, पण वयाबरोबर एकेक केसही बारीक होत जातो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने दोन्ही केस उजेडात धरून बराच वेळ बघितले. गंगावन परत डब्यात गेलं, आणि त्या रविवारी तिने पहिल्यांदा स्वतःसाठी वाटीत तेल कमी ओतलं.