परमार्थाची वही

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'साधकाची रोजनिशी : सवय कशी लावावी'. त्याकडे येतोच. पण आधी एक गोष्ट बोलू द्या, ती माझ्या फार जिव्हाळ्याची आहे.

जानेवारीत नवी डायरी मिळाली की आपण काय लिहितो? 'आज पहाटे उठलो, हरिपाठ केला, मन प्रसन्न झालं.' दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर मन रोज प्रसन्न, मग पुढे लिहायचं काय? वही बंद पडते आणि तिच्यात दुधाचा हिशेब सुरू होतो. हसलात, म्हणजे बऱ्याच घरांत हिशेब चालू आहे! लोक याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. आपण स्वतःच्या वहीतसुद्धा पाहुण्यांसमोर बसल्यासारखे सावरून बसतो, म्हणून सांगण्यासारखं काही उरत नाही.

आता बहिणाबाई बघा. खानदेशच्या चौधरी नव्हेत हं, तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या बहिणाबाई. जन्म १६२८चा, वेरूळजवळच्या देवगावचा. अजाण वयात लग्न, नवरा तिशीचा बिजवर. भाऊबंदकीपायी घर सोडून सगळे फिरत फिरत कोल्हापुरात आले. तिथे दान मिळालेल्या गाईचं वासरू या मुलीच्या मागेमागे असायचं. तिनं पाजलं तरच पाणी प्यायचं. जयरामस्वामींच्या कीर्तनालाही तिच्याबरोबर जायचं. एकदा गर्दी झाली म्हणून लोकांनी त्याला बाहेर काढलं, ते हंबरायला लागलं, तेव्हा स्वामींनीच त्याला आत घ्यायला लावलं. गावात चर्चा झाली, ती नवऱ्याच्या कानावर गेली आणि त्यानं या अकरा-बारा वर्षांच्या पोरीला बेदम मारलं. गाय-वासरानं चारापाणी सोडलं. वासरू गेलं.

हे सगळं बाईंनी अभंगांत सांगून ठेवलंय. मार सांगितला, नवऱ्याचा राग सांगितला. वेद-पुराणं स्त्रीची संगत नको म्हणतात, आणि मी तर जन्मानंच स्त्री, मग मला परमार्थ कसा घडणार, ही शंकाही झाकली नाही. रोजच्या रोज केलेली नोंद नाही ही, मागे वळून सांगितलेलं आयुष्य आहे. पण आपल्या वहीत नेमकं हेच नसतं. सासूशी भांडण झालं त्या रात्री आपण लिहितो, 'नामस्मरण केलं.' अहो, नामस्मरण करताना डोक्यात भांडणच चालू होतं, तेच लिहा ना! परमार्थ तिथेच अडलाय, आणि अडलेली जागा कागदावर आली की दुसऱ्या दिवशी तिच्याकडे बघता येतं.

बहिणाबाईंवर मी तासभर बोलू शकतो, पण अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पाचच मिनिटं आहेत. तेव्हा सवयीचं भरभर सांगतो.

वही साधी घ्या, शाळेतल्या मुलांची असते तशी. भारी डायरीत अक्षर बिघडेल म्हणून हात आखडतो. वेळ ठरलेल्या कामाला जोडा. रात्री भांडी आवरून झाली की, किंवा औषधाची गोळी घेतली की. चार ओळी पुरेत. आज मन कुठे ढळलं, कोणाशी आणि कशावरून, ते प्रसंगानिशी. 'क्रोध आला' एवढ्यानं भागत नाही. 'रिक्षावाल्यावर सुट्ट्या पैशांसाठी ओरडलो' असं हवं. मग आज कोणी आपल्यासाठी काही केलं ते. जमलंच तर मनातला एखादा प्रश्न, उत्तर न शोधता. खाडा पडला तर मागचे दिवस भरत बसू नका, आजची तारीख घालून पुढे चला. रोज मागचं वाचूही नका. एकादशीला वाचा, पंधरवड्यात तोच राग किती वेळा आला ते दिसतं.

एक प्रश्न हमखास येतो, घरच्यांनी वाचलं तर? कपाटात कुलपात ठेवा, आणि घरात सांगा की ही माझी पूजेची वही आहे. बहुतेक घरांत तेवढा मान राखला जातो. जिथे नाही, तिथे नावं न लिहिता आद्याक्षरं लिहा. पण प्रसंग गाळू नका.

वेळ झाली. मागच्या टेबलावर कोऱ्या वह्या ठेवल्यात, हव्या त्यांनी जाताना घेऊन जा.