वजनकाटा सांगत नाही ते

मंडळी, तीन महिने नेमाने चालून आलेला माणूस माझ्यासमोर बसतो, तेव्हा त्याचा आवाज बहुतेक वेळा पडलेला असतो. ‘डॉक्टर, रोज चालतोय, पण वजन जेमतेम दोन किलो उतरलं.’ अशाच एका गृहस्थांना मी विचारलं, बुटाची नाडी कशी बांधता? ते विचारात पडले. पूर्वी पाय स्टुलावर ठेवून, श्वास कोंडून बांधावी लागायची. आता ते सरळ वाकून बांधत होते, आणि हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं! टेप लावली, तर कंबर सहा सेंटिमीटरने उतरलेली.

हे कसं होतं? चरबी सगळी एकाच जातीची नसते. कातडीखालची चरबी चिमटीत धरता येते. दुसरी पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठते. ती चिमटीत येत नाही, पण त्रास जास्त तीच देते, कारण तिच्यातून सुटणारी मेदाम्लं, म्हणजे चरबीचे सुटे घटक, थेट यकृताकडे जातात. तिथून फॅटी लिव्हर (यकृतात चरबी साठणं), वाढती साखर, बिघडलेलं कोलेस्टेरॉल. व्यायामाच्या वेळी अ‍ॅड्रेनलिन हे चरबी सोडायला सांगणारं संप्रेरक वाढतं आणि या आतल्या चरबीच्या पेशी त्या हाकेला चटकन ओ देतात. म्हणून काटा फारसा हलला नाही, तरी आतली चरबी घटलेली असू शकते. यकृतातलीही घटते. पोटाचे व्यायाम केले म्हणून फक्त पोटावरची चरबी जाते, असं मात्र होत नाही.

वजनाचा हिशेब तुमच्यापासून लपवणार नाही. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. जाड माणूस अर्धा तास भरभर चालला, तर दीडशे-दोनशे कॅलरी खर्च होतात. म्हणजे खाणं न वाढवता रोज चाललात, तर एक किलोला सुमारे दीड महिना. वजन भराभर उतरवायचं तर ताटाकडे पाहावंच लागतं. पण नुसतं खाणं तोडलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि स्नायू आपल्याला हवेत. आकुंचन पावणारा स्नायू, साखर पेशींत शिरू देणाऱ्या इन्सुलिनची वाट न पाहता, रक्तातली साखर आत ओढतो. व्यायाम थांबल्यावरही एक-दोन दिवस तो इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देत राहतो. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, असं मी आग्रहाने सांगतो.

1953 साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसलेले, वाहक जिन्यावरून सतत वरखाली करणारे. हृदयविकार वाहकांमध्ये कमी आढळला. पुढे त्यांनी गणवेशाच्या मापांवरून कंबरेचा घेरही ताडून पाहिला. चालकांचा घेर मोठा होता, पण सगळा फरक तेवढ्याने उलगडला नाही. जिने चढण्याचं स्वतःचं असं काही श्रेय उरलंच. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते. हा आकडा ऐकून घाबरू नका. दहा मिनिटांनी सुरुवात करा. चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. गुडघे दुखत असतील तर पोहा किंवा सायकल चालवा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, हाही ताकदीचाच व्यायाम आहे. छातीत दुखत असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिनवर असताना व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते.

आणि घरी एक टेप ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती लावायची, पोट आत न ओढता, श्वास सहज सोडून. महिन्यातून एकदा, सकाळी, काही खाण्याआधी. आकडा तारखेसकट लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी मला वजनाआधी तो सांगा.