तुकडा काजूचं पीठ : धान्याविना कुरकुरीत

(डोंगरउतारावरची काजूची झाडं, खाली पडलेली बोंडं)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग. जांबोटीच्या पुढे सह्याद्री सुरू होतो आणि त्याच्याबरोबर काजूही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्यात आणलेलं हे झाड घाट चढून इथल्या तांबड्या मातीत रुजलं. उन्हाळ्यात बोंडं पिकतात, बी पिरगळून वेगळी केली जाते आणि उन्हात वाळवून पोत्यांत भरली जाते.

(काजू कारखाना : वाफेचं भांडं, कटर, सोलणाऱ्या बायका)

बी आधी वाफवतात, म्हणजे टरफल फुटताना आतला गर मोडत नाही. मग हातापायांनी चालणारा कटर. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बोटांना आधी गोडंतेल चोळलेलं असतं. सोललेला गर कोरड्या गरम हवेत काही तास ठेवला की वरची तांबूस साल सुटी होते. ती चाकूच्या टोकानं निघते आणि शेवटी प्रतवारी होते.

इथे या टेबलाकडे नीट पाहा. एका बाजूला अख्खा काजू. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, २४० पर्यंत दाणे बसले तर एक प्रत, ३२० पर्यंत बसले तर दुसरी. दुसऱ्या बाजूला पाकळी, तुकडा आणि कणी. कष्ट तेच, चवही तीच, पण मोडला म्हणून भाव उतरतो आणि तो मिठाईवाल्यांकडे पोत्यानं जातो. धान्याविना क्रॅकर, म्हणजे पातळ कुरकुरीत खारी बिस्किटं, आणि भाकरी करायची तर त्या पिठासाठी अख्खा काजू घेण्याचं काहीच कारण नाही. जो दळायचाच आहे, तो मोडलेला असला म्हणून काय बिघडलं?

(मिक्सरचं भांडं, जवळून)

काजूत जवळजवळ ४५ टक्के स्निग्धांश असतो. सगळी अडचण याच आकड्यात आहे. पातं सलग फिरलं की भांडं तापतं, तेल सुटतं आणि पिठाऐवजी लोणी हाती येतं. म्हणून तुकडा तासभर फ्रीजरमध्ये ठेवायचा, भांडं कोरडं ठणठणीत हवं, एका वेळी दीडशे ग्रॅमच घालायचा आणि तीन-चार सेकंदांचे झटके द्यायचे. मधे थांबून भांडं हलवायचं. रव्याच्या चाळणीनं चाळून वरचा चाळ पुन्हा फिरवायचा. पीठ मुठीत दाबल्यावर गोळा होऊन लगेच फुटलं तर बरोबर. बोटाला चिकटलं तर तेल सुटायला लागलंय, तिथेच थांबायचं.

(परातीतलं पीठ, वजनाचा काटा)

क्रॅकरचं प्रमाण : काजूचं पीठ २०० ग्रॅम, दळलेलं जवस २५ ग्रॅम, तीळ २० ग्रॅम, मीठ ४ ग्रॅम, चिमूटभर ओवा. पाणी ४० ते ५० मिलिलिटर, त्याहून जास्त नाही. यात गव्हासारखं ग्लूटेन नाही, त्यामुळे मळून काही साधत नाही. धरून ठेवायचं काम जवसाच्या चिकाचं. जवस त्याच पाण्यात दहा मिनिटं आधी भिजवायचं, मग पीठ मिसळायचं. काजूत स्टार्च बऱ्यापैकी असतो, त्याचाही आधार मिळतो. बदामात स्टार्च जवळपास नसतोच. म्हणून बदामाच्या पिठाला जवस थोडं वाढवावं लागतं, नाहीतर क्रॅकर हातातच भुरभुरतो. तूप, तेल, वनस्पती काही घालायचं नाही. बेकरीच्या सवयीनं सोडाही घालू नये. त्यानं रंग आधी चढतो आणि आत ओल राहते.

(लाटणं, दोन बटर पेपर)

हातावर ताणून केलेल्या पातळ मांड्यांच्या बेळगावाला पातळपणा शिकवावा लागत नाही. फक्त इथे ताणून चालत नाही, दाबूनच पसरवावं लागतं. दोन बटर पेपरांच्या मधे गोळा ठेवून मधून कडेकडे लाटायचं, जाडी दोन मिलिमीटर. कडा पातळ आणि मध्य जाड राहिला तर कडा करपेपर्यंत मध्य कच्चाच राहतो. सगळ्यात जास्त ट्रे वाया जातात ते या एका कारणानं. फाटलेल्या कडा कापून पुन्हा गोळ्यात घ्यायच्या. शंकरपाळ्याच्या कातणानं भाजण्याआधीच चौकोन पाडायचे आणि काट्यानं टोचे मारायचे. नंतर कापायला गेलं की तुकडेच होतात.

(ओव्हनच्या काचेतून ट्रे)

१६० अंश सेल्सिअस, पंधरा ते अठरा मिनिटं. कडेच्या चौकोनांना फिकट सोनेरी रंग आला की ते काढून घ्यायचे आणि उरलेले ट्रेवर पसरून आच १२० वर आणायची, आणखी दहा-पंधरा मिनिटं. रंगावरून कुरकुरीतपणा ठरवू नये. काजूतल्या साखरेमुळे रंग लवकर येतो. क्रॅकर कुरकुरतो तो आतलं पाणी गेल्यामुळे. म्हणून वजनाचा काटा वापरा. कोरडा माल २४९ ग्रॅम होता, पाणी ४५ घातलं. भाजल्यावर सगळे चौकोन मिळून वजन पुन्हा २५० च्या आसपास आलं की पाणी गेलं. २६५ दिसलं तर गरम असताना कितीही खमंग वाटो, संध्याकाळपर्यंत ते मऊ पडणार. जाळीवर पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावायचा नाही.

(तवा, उलथणं)

आता तव्यावरची भाकरी. काजूचं पीठ १५० ग्रॅम, इसबगोलाचा भुसा १२ ग्रॅम, मीठ ३ ग्रॅम, कोमट पाणी १३० मिलिलिटर. कालवल्यावर सैल आणि चिकट दिसेल, पण वरून पीठ टाकू नये. पंधरा मिनिटांत इसबगोल पाणी ओढून घेतो आणि गोळा आपोआप सावरतो. पाच गोळे करून प्लास्टिकच्या दोन कागदांमधे अडीच-तीन मिलिमीटर लाटायचे. हातावर थापली तर कडा चिरतात. तवा मध्यम, पहिली बाजू दोन मिनिटं, आणि ती सुटी झाल्याशिवाय उलथणं घालायचं नाही. ही फुगत नाही, फुगवायला विस्तवावर टाकूही नये. भाजून झाली की फडक्यात गुंडाळायची, म्हणजे घडी घातली तरी मोडत नाही.

(शेंगदाणे निवडताना हात)

शेंगापोळीच्या या मुलखात शेंगदाणा स्वस्त पडतो आणि चालतोही. मंद आचेवर भाजून, साल काढून, पूर्ण गार करून दळायचा. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास असलेले दाणे एकेक करून बाजूला काढायचे. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष भट्टीच्या उष्णतेनंही पुरतं नष्ट होत नाही.

(पॅकिंग, पावसात भिजलेला रस्ता)

जून ते सप्टेंबर इथल्या हवेत ओल इतकी असते की डबा उघडा राहिला की काही तासांत क्रॅकर नरम पडतो; १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवला की पुन्हा कुरकुरीत होतो. उरलेलं पीठ मात्र फ्रीजमध्येच ठेवायचं, बाहेर ते खवट होतं. खारी-बटरच्या बेकरीत, मैदा उडत असलेल्या ओट्यावर हे लाटलं तर गव्हाचा त्रास असलेल्यांच्या उपयोगाचं राहत नाही. ट्रे, लाटणं, चाळणी वेगळीच हवी. काजू-शेंगदाण्याची ॲलर्जी असते, त्यामुळे पाकिटावर दोन्हींची नावं स्पष्ट लिहायची, मराठीत आणि कन्नडातही.