लॅपटॉप बदलताय? आधी दुकानात एक पान टाईप करून बघा

नमस्कार मंडळी. बटण दाबलं, चहा ठेवला, चहा पिऊन झाला तरी स्क्रीनवर गोल फिरतंयच, असा लॅपटॉप ज्यांच्याकडं आहे त्यांच्यासाठी आजचं बोलणं. गेम नाही, व्हिडिओ नाही, नुसती कागदपत्रं. अर्ज, दस्त, पत्रं, एक्सेलची शीट.

आमचे आण्णा, म्हणजे माझे चुलते, कोर्टाच्या भागात दस्त टाईप करतात. रेमिंग्टनच्या टाईपरायटरवर शिकलेली बोटं, मिनिटाला 40 शब्दांची परीक्षा पास. लॅपटॉप अकरा वर्षांचा, बिजागरी मोडलेली, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं तसा कामाचा रेटा वाढला. मी म्हटलं, आण्णा चला की राजारामपुरीत, नवीन घेऊन टाकू. आले. पण खिशात पेन ड्राइव्ह, त्यात एक खरेदीखत आणि त्यांचा रेमिंग्टन कीबोर्डचा सेटअप, म्हणजे जुन्या टाईपरायटरसारखी मराठी अक्षरं उमटवणारा. दुकानदार म्हणाला, काका हा बघा, आय सेव्हन, लय फास्ट. आण्णा म्हणाले, "फास्ट माझी बोटं हाईत, मशिनीनं मधी थांबाय नको एवढंच."

आणि बसले की स्टूलावर! सेटअप टाकून घेतला आणि अख्खं पान टाईप केलं, गट नंबर, हेक्टर, आर, चतुःसीमा, सगळं. पहिला लॅपटॉप दिसायला देखणा, पण स्क्रीन काचेसारखी, दुकानाची ट्यूबलाईट त्यात दिसायली आणि अक्षरं दिसेनात. दुसऱ्याला उजवीकडं आकड्यांच्या कीच नाहीत, आणि दस्तात तर आकडेच आकडे, रक्कम, क्षेत्र, तारखा. तिसऱ्याचं एंटर एवढं बारीक की करंगळी दर वेळी शेजारच्या कीवर पडायची. दुकानदार पहिल्यांदा वैतागला, मग त्यानं चहा मागवला, आणि चौथ्या लॅपटॉपवर आण्णांनी न थांबता पान संपवलं तेव्हा मागं उभी असलेली कॉलेजची पोरगी म्हणाली, काका माझ्यासाठी पण एक बघून द्या की. तो चौथा सगळ्यात महाग नव्हता. 15.6 इंची, मॅट म्हणजे न चमकणारी स्क्रीन, आकड्यांच्या की वेगळ्या.

म्हणून परत सांगतो, आपलं रोजचं एक पान घेऊन जावा आणि दुकानात टाईप करा. बॅगेत सहज बसतो म्हणून 13 इंची घेणाऱ्यांचं मला काही पटत नाही, बॅग दोन तास खांद्यावर असते, डोळे दिवसभर स्क्रीनवर. आणि जाता जाता, मराठी टायपिंग शाळेत आठवीपासून शिकवायलाच पाहिजे, पोरं इंग्रजी अक्षरात मराठी लिहितात ते बघून जीव तुटतो माझा.

आता आतल्या मालाचं थोडक्यात. रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी, 8 जीबीच्या खाली नको, 16 मिळाली तर उत्तम. फायली साठवायची डिस्क एसएसडीच, म्हणजे आत काही न फिरणारी, चिपवाली, 512 जीबी बास. पातळ लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, नंतर वाढत नाही, तेवढं विचारून घ्या.

आणि जुना लगेच भंगारात नको. आत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवून बघा, चालू व्हायचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. पण विंडोज 10 चे फुकटचे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले, आणि इंटेलचा आठव्या जनरेशनच्या आधीचा प्रोसेसर असेल तर विंडोज 11 सहसा अधिकृतपणे बसत नाही. अपडेट बंद झालेल्या विंडोज 10 वर बँकेची कामं करू नका. आण्णांच्या जुन्यात आम्ही एसएसडी घालून विंडोजच्या जागी लिनक्स आणि वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस टाकलं, दोन्ही फुकट, माझी पुतणी त्यावर नोट्स काढते.

एक राहिलंच. जुन्या फायली श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील तर नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. आण्णांच्या साताठ वर्षांच्या फायली तशा होत्या, त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत, करायला आम्हा दोघांना तीन रविवार लागले. तेव्हा जुना मशीन कुणाला द्यायच्या आधी फायली उघडून, वाचून बघा. नमस्कार.