जनावर दाराशी येण्याआधी

(बडोद्यातल्या एका मंडळात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. दांडिया बाजारातून, रावपुऱ्यातून इतकी ओळखीची मंडळी आली, फार बरं वाटलं. सभागृहात शिरतानाच एका काकांनी मला गाठलं. "ताई, वाघोडियाकडे आमची तीन एकर जमीन पडून आहे. म्हाताऱ्या, टाकून दिलेल्या जनावरांसाठी काहीतरी करायचंय. किती जनावरं घ्यावीत?" मी म्हटलं, काका, वर्षाची वैरण कुठे ठेवणार ते आधी सांगा.

हिशेब सगळ्यांसमोरच मांडते. साडेतीनशे किलोची भाकड गाय रोज आठ-नऊ किलो कोरडी वैरण खाते. वर्षाकाठी झाली तीन टन. किलोला दहा रुपये धरा, की दिवसाचे ऐंशी-नव्वद रुपये नुसत्या पोटाला लागले. औषधपाणी आणि माणसाची मजुरी त्यात नाही. गुजरात सरकारने 2022 मध्ये गौमाता पोषण योजना आणली, तिच्यात गोशाळांना आणि पांजरपोळांना, म्हणजे म्हाताऱ्या-टाकलेल्या जनावरांना सांभाळणाऱ्या धर्मादाय संस्थांना, जनावरामागे रोज 30 रुपये ठरले. म्हणजे एक तृतीयांश. त्याच वर्षी सप्टेंबरात ते पैसेही हाती आले नाहीत, तेव्हा उत्तर गुजरातेतल्या पांजरपोळांनी गुरं रस्त्यावर आणून सोडली होती. तिथली माणसं निर्दय नव्हती हो. त्यांची वैरणीची गंजी संपली होती.

पांजरपोळ आपल्या भागाला नवा नाही. मुंबईचा तर 1834 पासूनचा. पण त्यांच्यामागे व्यापारी पेढ्या, धर्मादाय, पिढ्यान्‌पिढ्यांची देणगी. तुमच्या-माझ्यासारख्याने तीन एकरांत अशा जनावरांसाठी जागा काढली, की पहिल्या महिन्यातच लोक रात्री फाटकाला गाय बांधून जातात. माझ्याकडे तसंच झालं. सहा जनावरांची तयारी होती आणि पावसाळ्यापर्यंत अकरा झाली. मला नाही म्हणवेना. त्यातली एक गाय मी आल्या दिवशीच बाकीच्यांच्या गव्हाणीला बांधली. पाचव्या दिवशी तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. लाळ-खुरकूत. आठवड्यात चार जनावरं लंगडायला लागली, आणि एक वासरू, सकाळी उड्या मारत होतं, संध्याकाळी गेलं. या रोगात वासरांचं हृदयच धरतं, हे मला नंतर कळलं. ते वासरू माझ्या चुकीने गेलं, आणि ते मी प्रत्येक ठिकाणी सांगते. आता नवं जनावर एकवीस दिवस वेगळ्या छपरात राहतं. त्याची बादली वेगळी, खराटा वेगळा, आणि त्याला वैरण टाकणारा माणूस सगळ्यात शेवटी तिकडे जातो. लस दर सहा महिन्यांनी, चुकवायची नाही.

आता चांदणीबद्दल. पंधरा-सोळा वर्षं वरातीत नाचलेली घोडी. आली तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या, आणि मालक शपथेवर सांगत होता की ती पोटभर खाते. खोटं बोलत नव्हता तो. चांदणी गवत तोंडात घ्यायची, बराच वेळ चावायची, आणि मग ओल्या गवताचा गोळा खाली पडायचा. तिच्या पायाशी असे वीस-पंचवीस गोळे. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं. दाढांना बाहेरच्या अंगाने धार आलेली, गाल आतून सोललेला, मागची एक दाढ पार झिजलेली. दाढा कानशीने घासून घेतल्या. तेव्हापासून तिला बारीक कापलेली लसूणघास, म्हणजे आपला इथला रजको, आणि भिजवलेला कोंडा.

आणखी एक. घोडं उभ्याउभ्या डुलकी घेतं, पण गाढ झोपेला त्याला आडवं व्हावंच लागतं. चांदणी आडवी होईना. आखूड दोरीने फरशीवर बांधलेली राहिल्यामुळे असेल, गुडघे दुखत असल्यामुळे असेल. आम्ही एका कोपऱ्यात गुडघाभर वाळू टाकली आणि दोर काढून घेतला. अकराव्या रात्री दोन वाजता मी टॉर्च घेऊन गेले, तर ती वाळूत पूर्ण आडवी, चारी पाय ताणलेले, ओठ हलत होते. मी टॉर्च विझवला आणि तिथेच बसून राहिले.

दुखण्याच्या औषधाचंही सांगायला हवं, कारण म्हातारी जनावरं म्हणजे सांधे आलेच. गुरांना डायक्लोफेनॅक द्यायचं नाही. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. ती गिधाडं अशीच संपत आली. म्हणून 2006 मध्ये ते जनावरांना द्यायला बंदी आली, 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही आली. डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागा. गावातल्या दुकानात अजून माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकची मोठी बाटली पुढे सरकवतात. ती घेऊ नका.

आज माझ्याकडे नऊ जनावरं आहेत, आणि मी नाही म्हणायला शिकले आहे. गेल्या मार्गशीर्षात पादऱ्याहून एक घोडीवाला आला. घोडी आंधळी होत चालली होती, वराती बंद झालेल्या. त्याला म्हटलं, भाऊ, जागा नाही. पण तुझ्या अंगणाची वाट तिच्या पायांना पाठ आहे, तिला तिथेच ठेव. अर्धी वैरण आणि नालबंद माझ्याकडे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बेन, मलाही तिला सोडायचं नव्हतं. दर सहा आठवड्यांनी आम्ही खूर कापायला जातो. उद्या सकाळी साडेसातला तिकडेच जायचंय. काका, तुम्ही येता का बरोबर?